कर्नलसाठी मेमकॉपी, मेमसेट, मेममूव्ह, मेमकम्प स्वतः कसे लिहायचे: नवीन पोरापोरींसाठी

स्वतःचं छोटं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, लिहायला बसलेल्या माणसाला पहिला झटका बहुतेक लिंकर देते, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली एकत्र जोडणारा प्रोग्रॅम. तुम्ही कोडमध्ये मेमकॉपी कुठेच लिहिलेलं नसते, स्ट्रिंग.एच इन्क्लूड केलेलं नसते, फक्त एक मोठं स्ट्रक्चर दुसऱ्या स्ट्रक्चरमध्ये असाइन केलं असते, आणि लिंकर म्हणते "अनडिफाइन्ड रेफरन्स टू मेमकॉपी". मंग पोरं विचारतात, दादा मी तर याला बोलावलंच नाही, हा आला कुठून? तर भाऊ, तुम्ही नाही बोलावलं, कंपायलरनं बोलावलं. जीसीसी या सी कंपायलरच्या मॅन्युअलमध्ये साफ लिहून आहे की फ्रीस्टँडिंग मोडमध्येसुद्धा (म्हणजे खाली लायब्ररी-ऑपरेटिंग सिस्टीम काही नसताना) मेमकॉपी (बाइट कॉपी करणारं), मेममूव्ह (जागा एकमेकांवर चढत असली तरी कॉपी करणारं), मेमसेट (एकच बाइट सगळीकडे भरणारं) आणि मेमकम्प (बाइटची तुलना करणारं) ही चार फंक्शनं तुम्हीच द्यायची, काहून की मोठी स्ट्रक्चर कॉपी असो की मोठा अ‍ॅरे शून्य करणं असो, कंपायलर मनानं त्यांचा कॉल टाकू शकतो. किती बाइटपर्यंत तो जागीच इन्स्ट्रक्शन टाकतो आणि कितीच्या वर कॉल करतो हे प्रोसेसर, व्हर्जन आणि ऑप्टिमायझेशन पाहून बदलते, त्यामुळे "माझ्याकडे तर एरर येत नाही" याला काही अर्थ नाही, उद्या स्ट्रक्चरमध्ये दोन फील्ड वाढवले की येईल.

पुसद, मोर्शी, सिंदेवाहीकडची कॉलेजची पोरं-पोरी हे करून राहिली आहेत, आणि मराठीत यावर धड काही सापडत नाही म्हणून हे लिहून राहिलो. कोड मी शब्दांत सांगतो, टाइप तुमच्या हातानं करा, कॉपी-पेस्ट केलेला मेमकॉपी कधी डोक्यात बसत नाही. फ्लॅगची आणि फंक्शनची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना नेहमीसारखी इंग्रजीत करा. सी भाषेत पॉइंटर आणि लूप येते एवढं मी धरून चाललो आहे.

पायरी १: सामान

महागडा बोर्ड लागत नाही. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं तरी सगळं होते. जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर, बिनयुटिल्स (लिंकर, ऑब्जडंप वगैरे), क्यूईएमयू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम), आणि दोन-तीन क्रॉस कंपायलर, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरसाठी कोड काढणारे: एआर्च६४ चा (६४ बिट एआरएम), रिस्क-व्ही ६४ चा आणि जमलं तर एस३९०एक्सचा, तो का पाहिजे ते पुढे येते. हे डाउनलोड गावातल्या मोबाइल हॉटस्पॉटवर करत बसू नका, तालुक्याला गेले की चांगल्या वायफायवर एकदाच उतरवून घ्या, नंतर नेट नसलं तरी चालते. लॅपटॉपची बॅटरी गेलेली असली आणि लाइटचा भरवसा नसला तर गिटमध्ये छोटे छोटे कमिट करत चला, बस.

कर्नलच्या कोडसाठी कंपायलरला -एफफ्रीस्टँडिंग द्यायचं. याचा अर्थ, कंपायलरला सांगणं की इथे लायब्ररी नाही, ऑपरेटिंग सिस्टीम नाही, जे आहे ते मीच आहे. या मोडमध्ये काही हेडर तरी मिळतात: स्टडडेफ.एच, स्टडइंट.एच, लिमिट्स.एच, स्टडआर्ग.एच, स्टडबूल.एच वगैरे. आपल्याला साइझ_टी आणि यूइंटपीटीआर_टी हे दोन टाइप पाहिजे, ते यातच येतात. लिंक करताना -नोस्टडलिब देता तेव्हा शेवटी -एलजीसीसी परत जोडा, नाहीतर ३२ बिट मशीनवर ६४ बिटचा भागाकार केला की दुसराच अनडिफाइन्ड रेफरन्स उभा राहते.

पायरी २: आधी बाइट-बाइटवालं, आणि तेच बरोबर

इथे पोरं घाई करतात. यूट्यूबवर कुणीतरी दाखवलेलं असते की एकदम ८-८ बाइट कॉपी केले की फास्ट होते, आणि पहिल्या दिवशीच लाँगचे पॉइंटर सुरू. नका करू. लिनक्स कर्नलमध्येसुद्धा लिब फोल्डरमधल्या स्ट्रिंग.सी फाइलमध्ये साधं मेमकॉपी आहे, एका वेळी एक बाइट, आणि ज्या प्रोसेसरकडे स्वतःचं चांगलं व्हर्जन आहे तिथेच ते बाजूला होते.

मेमकॉपीचं सिग्नेचर स्टँडर्डमध्ये आहे तसंच ठेवायचं: व्हॉइड पॉइंटर परत, पहिला डेस्टिनेशन, दुसरा कॉन्स्ट सोर्स, तिसरा साइझ_टी, म्हणजे लांबी एन. आत दोन अनसाइन्ड कॅरचे पॉइंटर घ्या, व्हाइल लूपमध्ये एन कमी करत एक एक बाइट टाका, शेवटी मूळ डेस्टिनेशन पॉइंटर परत द्या. मूळ! पुढे सरकवलेला नाही. कंपायलर त्या रिटर्न व्हॅल्यूवर भरवसा ठेवून कोड काढू शकतो, ते चुकलं तर बग भलतीकडेच दिसते.

अनसाइन्ड कॅरच काहून? सी भाषेत कोणत्याही ऑब्जेक्टचे बाइट कॅरच्या जातीच्या पॉइंटरनं वाचायची मुभा आहे, बाकी टाइपना ती नाही. आणि त्यातही अनसाइन्ड पाहिजे, काहून की नुसता कॅर साइन्ड आहे की अनसाइन्ड हे स्टँडर्ड ठरवत नाही, लिनक्सवर एक्स८६ वर तो साइन्ड असते आणि एआरएमवर अनसाइन्ड. मेमकॉपीत याचा त्रास होत नाही पण मेमकम्पमध्ये होते, म्हणून सवयच लावून घ्या.

लांबी इंटमध्ये घेऊ नका. ६४ बिट मशीनवर इंट ३२ बिटच राहते, आणि २ जीबीच्या वरची रेंज शून्य करायची वेळ आली की आकडा उलटा फिरते. साइझ_टी म्हणजे साइझ_टी.

मेमसेट याहून सोपं आहे, फक्त दुसरं आर्ग्युमेंट इंट असूनही भरायचं असते ते अनसाइन्ड कॅरमध्ये बदलून. ३०० दिलं तर ४४ भरला पाहिजे, ३०० मधून २५६ गेले. कुणी मेमसेटला १ देऊन इंटचा अ‍ॅरे एकानं भरायला पाहते आणि मंग १६८४३००९ दिसते म्हणून घाबरते, तो आकडा म्हणजे चारही बाइटमध्ये १, मेमसेटनं काम बरोबरच केलं.

पायरी ३: कंपायलर तुमच्याच लूपला तुमच्याच फंक्शनचा कॉल बनवते

हे वाचून थोडं थांबा, काहून की हे नवीन माणसाचा बम वेळ खाते. जीसीसीमध्ये एक ऑप्टिमायझेशन आहे, ते लूप पाहून ओळखते की "अरे, हा तर मेमसेट करून राहिला", आणि पूर्ण लूप काढून तिथे मेमसेटचा कॉल टाकते. साध्या प्रोग्रॅममध्ये हे चांगलंच आहे. पण तो लूप मेमसेटच्या आतलाच असला तर? मेमसेट मेमसेटला बोलावते, ते परत मेमसेटला. वरून -ओ२ मध्ये (-ओ१, -ओ२, -ओ३ या ऑप्टिमायझेशनच्या पातळ्या) शेवटचा कॉल साधा जंप बनून जाते, त्यामुळे स्टॅकही भरत नाही, फॉल्टही येत नाही, मशीन नुसतं गप उभं राहते. तुम्ही इकडे बूटलोडर तपासता, पेज टेबल तपासता, आणि दोष मेमसेटमध्ये आहे असं स्वप्नातही येत नाही.

जुन्या जीसीसीत हे -ओ३ ला व्हायचं, आता -ओ२ लाच होते. नवीन व्हर्जन अगदी सरळ केस, म्हणजे मेमसेटच्या आतच मेमसेटचा कॉल, ओळखून टाळतात, पण तुम्ही काम एका हेल्पर फंक्शनमध्ये टाकलं आणि मेमसेटमधून हेल्पर बोलावला की ती ओळख राहील याची खात्री नाही. म्हणून या एका फाइलला वेगळे फ्लॅग द्या: जीसीसीला -एफनो-ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स, आणि क्लँगला -एफनो-बिल्टिन. -एफफ्रीस्टँडिंगमध्ये -एफनो-बिल्टिन आपोआप येते पण जीसीसीला या कामासाठी तेवढं पुरत नाही, हे ध्यानात ठेवा. काही जण पॉइंटर व्होलाटाइल करून टाकतात, त्यानं लूप शाबूत राहते खरं, पण वेग कायमचा गेला, पुढे वर्डनं, म्हणजे एका वेळी ४ किंवा ८ बाइट, कॉपी करायचं दारही बंद. मला ते पटत नाही. एलटीओ, म्हणजे लिंक करताना सगळ्या फाइली मिळून होणारं ऑप्टिमायझेशन, वापरत असाल तर ही फाइल त्यातून बाहेरच ठेवा, नाहीतर "याला कुणीच बोलावत नाही" समजून लिंकर चारही फंक्शनं उडवू शकते आणि नंतर कंपायलरला त्यांची आठवण होते.

फ्लॅग दिला म्हणून विश्वास ठेवू नका, पाहा. ऑब्जेक्ट फाइलवर ऑब्जडंप -डी चालवा, मेमसेटच्या आत मेमसेटच्याच नावाचा कॉल किंवा जंप दिसते का ते पाहा, आणि एनएम -यू नं ही फाइल बाहेरून काय मागते ते पाहा. उत्तर रिकामं यायला पाहिजे. असेंब्ली नाही येत तरी चालते, नाव तर वाचता येते ना.

पायरी ४: मेममूव्ह

सोर्स आणि डेस्टिनेशनचा भाग एकमेकांवर चढत असन तर मेमकॉपी वापरणं म्हणजे अनडिफाइन्ड बिहेवियर, काय होईल याची स्टँडर्ड काहीच हमी देत नाही, तिथे मेममूव्ह लागते. गोडाऊनमध्ये सोयाबीनच्या कट्ट्यांची रांग भिंतीला लागून आहे आणि ती पूर्ण रांग दोन हात उजवीकडे सरकवायची आहे असं समजा. डावीकडून पहिला कट्टा उचलला तर ठेवणार कुठे, तिथे तिसरा बसून आहे. उजव्या टोकापासून सुरू केलं की जमते. डावीकडे सरकवायचं असलं तर उलट. मेममूव्हमध्ये एवढंच आहे.

आता दिशा ठरवायची कशी? डी म्हणजे डेस्टिनेशन, एस म्हणजे सोर्स. सगळे लिहितात "डी लहान असन एसपेक्षा तर पुढून". चालते बहुतेक ठिकाणी, पण सी भाषेच्या हिशोबानं दोन वेगवेगळ्या ऑब्जेक्टच्या पॉइंटरची लहान-मोठी तुलना अनडिफाइन्ड आहे, आणि मेममूव्हला दोन वेगळे ऑब्जेक्ट येणारच. म्हणून दोन्ही पॉइंटर यूइंटपीटीआर_टीमध्ये बदला आणि वजाबाकी करा: डी वजा एस. हे अनसाइन्ड आहे, त्यामुळे डी जर एसच्या मागे असन तर उत्तर फिरून खूप मोठं येते. मंग एकच अट: उत्तर एनपेक्षा मोठं किंवा बरोबर असलं तर पुढून कॉपी, नाहीतर मागून. एस १००० वर, डी १००४ वर, लांबी १०: वजाबाकी ४, दहापेक्षा कमी, मागून. एस १००४, डी १०००: वजाबाकी फिरून प्रचंड आकडा, पुढून. एस १०००, डी २०००: पुढून. तिन्ही केस एका तुलनेत.

मागून जाणारा लूप लिहिताना आणखी एक खड्डा आहे. "आय बरोबर एन वजा एक, जोपर्यंत आय शून्य किंवा जास्त" असं लिहिलं तर साइझ_टी अनसाइन्ड आहे, तो शून्याखाली जातच नाही, लूप कधी थांबत नाही आणि सगळी मेमरी खाऊन टाकते. असं लिहा: जोपर्यंत एन शून्याहून मोठा, आधी एन एकनं कमी करा, मंग डीचा एनवा बाइट बरोबर एसचा एनवा बाइट.

आणि पुढून कॉपीच्या केसमध्ये मेममूव्हमधून मेमकॉपी बोलावू नका. डी मागे असला तरी ओव्हरलॅप असूच शकते, आणि तुमच्या मेमकॉपीनं उद्या दिशा बदलली की संपलं. हे हवेतलं नाही. २०१० मध्ये फेडोरा १४ आलं तेव्हा त्यातल्या ग्लिबसीचं (लिनक्सवरची सी लायब्ररी) नवीन मेमकॉपी काही प्रोसेसरवर मागून कॉपी करायला लागलं, आणि फ्लॅश प्लेयरमधला आवाज खरखर करायला लागला, काहून की तो प्रोग्रॅम ओव्हरलॅप असलेल्या जागी मेमकॉपी वापरत होता आणि इतके दिवस नशिबानं चालून गेलं होतं. लिनक्स लिहिणारे लिनस टोरवाल्ड्स स्वतः त्या बग रिपोर्टवर भांडले, म्हणे यूजरचं चालू असलेलं मोडलं म्हणजे मोडलं, स्टँडर्ड काय म्हणते ते मला सांगू नका. पुढे ग्लिबसी २.१४ मध्ये नवीन मेमकॉपीला वेगळं सिम्बॉल व्हर्जन दिलं आणि जुन्या बायनरीला जुनी, ओव्हरलॅप झेलणारी वागणूक राहू दिली. आपल्या छोट्या कर्नलमध्ये माझं मत असं आहे की मेमकॉपीला सरळ मेममूव्हसारखंच वागू द्या, एक वजाबाकी आणि एक तुलना याचा खर्च काहीच नाही. पण कोड लिहिताना त्यावर विसंबू नका, ओव्हरलॅप असला की मेममूव्हच लिहा.

पायरी ५: मेमकम्प

बाइट बाइट तुलना, पहिला फरक दिसला की थांबा, अनसाइन्ड कॅरमध्ये कोण मोठा त्यावरून धन किंवा ऋण, सगळं सारखं असलं तर शून्य. एका बाइटमध्ये १२८ आणि दुसऱ्यात १२७ असला तर १२८ वाला मोठा निघाला पाहिजे. नुसता कॅर घेतला आणि तो साइन्ड निघाला तर १२८ चा उणे १२८ होते आणि उत्तर उलटं. एक्स८६ वर चूक आणि एआरएमवर बरोबर, असा बग शोधणं म्हणजे बाप्पा. आपल्या एक्स८६ लॅपटॉपवरच हे पकडायचं असलं तर तोच कोड एकदा -एफसाइन्ड-कॅर आणि एकदा -एफअनसाइन्ड-कॅर देऊन टेस्ट करा, दोन्हीकडे उत्तर सारखं यायला पाहिजे.

इथे वर्डनं तुलना करायचा मोह आवरा. लिटल एंडियन मशीनवर, म्हणजे जिथे आकड्याचा सगळ्यात लहान बाइट आधी ठेवतात (बिग एंडियनवर उलट), बाइट १, २ हे दोन बाइटचा आकडा म्हणून वाचले तर ५१३ होतात आणि २, १ हे वाचले तर २५८. म्हणजे बाइटच्या क्रमानं पहिला लहान, आकडा म्हणून पहिला मोठा. वर्ड फक्त "सारखं आहे का" पाहायला वापरता येते, फरक दिसला की परत बाइटवर यायचं.

पासवर्डचा हॅश किंवा की तपासायला मात्र मेमकम्प वापरू नका. ते पहिल्या फरकाला थांबते, म्हणजे लागलेल्या वेळेवरून किती बाइट जुळले याचा अंदाज लागते.

पायरी ६: वेग पाहिजे असला तर

आधी स्वतःला विचारा, पाहिजे का. स्क्रीन स्क्रोल करताना फ्रेमबफर (स्क्रीनवरच्या चित्राची मेमरी) हलवता किंवा पेजच्या पेज शून्य करता तेव्हा फरक दिसते, बाकी ठिकाणी बहुतेक नाही.

वर्डनं कॉपी करायची तर तीन गोष्टी आडव्या येतात. पहिली अलाइनमेंट, म्हणजे पत्त्याला वर्डच्या साइझनं पूर्ण भाग जाणं; जात नसला तर तो तिरपा पत्ता. एक्स८६ तिरप्या पत्त्यावरचं वाचन निमूट करून देते, त्यामुळे तिथे शिकलेल्या माणसाला वाटते सगळीकडे असंच असते. कॉर्टेक्स-एम० या छोट्या एआरएम प्रोसेसरवर तिरपं वाचलं की सरळ हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच अडकला. रिस्क-व्हीवर हार्डवेअर ते करते की ट्रॅप मारून फर्मवेअर ते नक्कल करून देते हे चिपवर आहे, दुसऱ्या केसमध्ये चालते पण रांगत चालते. आणि एआर्च६४ वर गंमत आहे: एमएमयू (पेज टेबल वापरून पत्ते बदलणारं हार्डवेअर) बंद असताना सगळी डेटा मेमरी डिव्हाइस मेमरी म्हणून धरली जाते आणि तिथे तिरपं वाचन फॉल्ट देते. म्हणजे बूटच्या सुरुवातीला मरणारं मेमकॉपी एमएमयू चालू झाल्यावर मस्त चालते. त्या सुरुवातीच्या कोडला -एमस्ट्रिक्ट-अलाइन देऊन ठेवा.

म्हणून पद्धत अशी. डेस्टिनेशन वर्डच्या हद्दीवर येईपर्यंत बाइट बाइट टाका, यूइंटपीटीआर_टीमध्ये बदलून खालचे बिट पाहिले की कळते. मंग पाहा सोर्सही त्याच वेळी हद्दीवर आला का. आला असला तर वर्डनं चला, उरलेलं शेपूट परत बाइटनं. नसला आला तर पोर्टेबल व्हर्जनमध्ये मुकाट्यानं बाइटनंच करा. दोन वर्ड वाचून शिफ्ट करून जोडायची युक्ती आहे, पण ती एंडियनवर अवलंबून असते, पहिल्या फेरीत त्या भानगडीत पडायचं काम नाही. १६ बाइटच्या आतलं काही असलं तर हा सगळा हिशोबच टाळा, हिशोबालाच जास्त वेळ जाते.

दुसरी गोष्ट स्ट्रिक्ट अलायसिंग. कुणाचं तरी स्ट्रक्चर लाँगच्या पॉइंटरनं वाचणं हे नियमाबाहेर आहे, आणि कंपायलर "हे दोन पॉइंटर एकाच जागी असूच शकत नाहीत" धरून वाचन-लेखन मागेपुढे करू शकते. जीसीसी आणि क्लँगमध्ये मे_अलायस नावाचा अ‍ॅट्रिब्यूट आहे, तो लावून वर्डसाठी एक टाइपडेफ करा. किंवा पूर्ण कर्नलच -एफनो-स्ट्रिक्ट-अलायसिंगनं कंपाइल करा, लिनक्स तेच करते. मी दोन्ही करतो.

तिसरी, वर्ड म्हणून कोणता टाइप घ्यायचा. अनसाइन्ड लाँग लिनक्सच्या ६४ बिट टूलचेनमध्ये ८ बाइट आहे पण विंडोजच्या पद्धतीच्या टूलचेनमध्ये ४, यूईएफआय फर्मवेअरवर बूट करायला मिंगडब्ल्यू ही तसली टूलचेन वापरणाऱ्यांनी हे पाहावं. मी यूइंटपीटीआर_टीच घेतो आणि लांबी साइझऑफनं काढतो, ४ किंवा ८ कुठेच हातानं लिहीत नाही.

मेमसेटला एक बाइट पूर्ण वर्डभर पसरवायचा असते, तर वर्डचा सगळ्यात मोठा आकडा भागिले २५५ करा, त्याला बाइटनं गुणा. ३२ बिटवर ते १६८४३००९ येते, वर दिसलेलाच आकडा, आणि ६४ बिटवर आपोआप लांब होते. इफडेफ लागत नाही.

एसएसई, निऑन, म्हणजे एक्स८६ आणि एआरएमवरच्या एकदम बरेच बाइट हाताळणाऱ्या इन्स्ट्रक्शन, यांच्या नादी कर्नलच्या मेमकॉपीत लागू नका. ते रजिस्टर यूजर प्रोग्रॅमचे असतात, सेव्ह न करता वापरले तर कुणाच्या तरी गणितात कचरा जाते. कंपायलरनंही मनानं वापरू नये म्हणून एक्स८६-६४ वर -एमनो-एसएसई आणि एआर्च६४ वर -एमजनरल-रेग्ज-ओन्ली. सोबत एक्स८६-६४ वर -एमनो-रेड-झोन पाहिजेच, नाहीतर इंटरप्ट आला की स्टॅकच्या खालचे १२८ बाइट, जे कंपायलर आपले समजून वापरत असते, ते पुसले जातात.

-एफफ्रीस्टँडिंगमुळे एक नुकसान होते: चार बाइटचं मेमकॉपीसुद्धा खरा कॉल बनते. तुमच्या हेडरमध्ये मेमकॉपीचा मॅक्रो अंडरस्कोर-अंडरस्कोर-बिल्टिनवाल्या नावाकडे वळवा, मंग छोटे कॉपी कंपायलर जागीच करून टाकते. फक्त ज्या फाइलमध्ये फंक्शन लिहिलं आहे तिथे तो मॅक्रो येऊ देऊ नका.

पायरी ७: जिथे ही फंक्शनं वापरायचीच नाहीत

डिव्हाइसच्या रजिस्टरवर मेमकॉपी नाही. तिथे किती बाइटचं वाचन कोणत्या क्रमानं झालं याला अर्थ असते, आणि मेमकॉपी यातलं काहीच कबूल करत नाही. लिनक्समध्ये त्यासाठी मेमकॉपी_टूआयओ, मेमकॉपी_फ्रॉमआयओ वेगळे आहेत, तुम्हीही व्होलाटाइल पॉइंटरवाले वेगळे लिहा. यूजरच्या पत्त्यावरून थेट मेमकॉपी नाही, पत्ता खोटा असला तर कर्नल आडवं होते, तिथे फॉल्ट झेलणारं फंक्शन लागते. की किंवा पासवर्ड पुसायला साधं मेमसेट नाही, नंतर तो बफर कुणी वाचत नाही हे पाहून कंपायलर पुसणंच काढून टाकते. लिनक्समध्ये मेमझीरो_एक्स्प्लिसिट त्याचसाठी आहे आणि सी२३ मध्ये मेमसेट_एक्स्प्लिसिट आलं.

आणि नल पॉइंटर देऊन लांबी शून्य, हे "काहीच तर नाही करत" वाटते, पण सी२३ पर्यंतच्या स्टँडर्डमध्ये तेही अनडिफाइन्ड आहे. त्यावरून कंपायलर धरून चालते की हा पॉइंटर नल नाहीच, आणि खालचा तुमचा नल चेक खुशाल काढून टाकते.

पायरी ८: टेस्ट लॅपटॉपवर करा, कर्नलमध्ये नाही

मॅक्रोनं नावं बदला, म्हणजे टेस्टमध्ये के_मेमकॉपी आणि कर्नलमध्ये मेमकॉपी, आणि साध्या लिनक्स प्रोग्रॅमसारखं चालवा. बफरच्या दोन्ही बाजूंना ओळखीचे बाइट भरून ठेवा, काम झाल्यावर ते जसेच्या तसे आहेत का पाहा, एक बाइट जास्त लिहिणारी चूक त्यातच सापडते. सोर्सची अलाइनमेंट ० ते १५, डेस्टिनेशनची ० ते १५, लांबी ० ते १००, सगळ्या जोड्या लूपमध्ये फिरवा आणि उत्तर लायब्ररीच्या मेममूव्हशी ताडून पाहा. ऐकायला मोठं वाटते, पण जुन्या लॅपटॉपवरही पटकन होते. मेममूव्हसाठी एकाच बफरमध्ये सरकत्या ओव्हरलॅपवर तेच. सोबत कंपायलरचे अ‍ॅड्रेस सॅनिटायझर आणि अनडिफाइन्ड सॅनिटायझर लावा, प्रोग्रॅम चालताना ते मेमरीच्या आणि अनडिफाइन्ड बिहेवियरच्या चुका पकडतात, नाव बदललेलं असल्यामुळे तुमचाच कोड तपासला जाते, लायब्ररीचा नाही.

मंग तोच प्रोग्रॅम -एम३२ नं, मंग एआर्च६४ आणि रिस्क-व्हीसाठी स्टॅटिक कंपाइल करून क्यूईएमयूच्या यूजर मोडमध्ये. आणि एस३९०एक्स यासाठी की ते बिग एंडियन आहे, मेमकम्पमधली एंडियनची चूक तिथे लगेच उघडी पडते. फक्त एक ध्यानात ठेवा, क्यूईएमयू यूजर मोडमध्ये तिरप्या वाचनावर बहुतेक वेळा फॉल्ट देत नाही, खालचा एक्स८६ ते झेलून घेते. अलाइनमेंटसाठी अनडिफाइन्ड सॅनिटायझरवर भरवसा ठेवा, क्यूईएमयूवर नाही.

पायरी ९: असेंब्ली, सगळ्यात शेवटी

सगळं बरोबर चालल्यावर एखाद्या प्रोसेसरसाठी खास व्हर्जन लिहू शकता. एक्स८६ वर रेप मूव्हएसबी ही एकच इन्स्ट्रक्शन आहे, आणि आयव्ही ब्रिजपासूनच्या इंटेल चिपवर मोठ्या कॉपीला ती चांगली पळते, सीपीयूआयडीत (प्रोसेसरला काय येते ते सांगणारी इन्स्ट्रक्शन) ईआरएमएसचा, म्हणजे ही कॉपी फास्ट आहे हे सांगणारा, बिट पाहून ठरवा. तिची दिशा डायरेक्शन फ्लॅग ठरवते, आणि एबीआय (फंक्शननं एकमेकांना कसं बोलवायचं याचे नियम) म्हणते फंक्शनमध्ये शिरताना तो फ्लॅग शून्यच असणार. मार्च २००८ मध्ये जीसीसी ४.३ नं प्रत्येक वेळी तो फ्लॅग साफ करणं बंद केलं, एबीआयप्रमाणे बरोबरच होतं, पण मंग दिसलं की लिनक्स कर्नल सिग्नल हँडलरला बोलावताना फ्लॅग साफ करतच नव्हतं. मेममूव्हमध्ये फ्लॅग उलटा असताना सिग्नल आला की हँडलरमधली कॉपी उलट्या दिशेनं. तुमच्या इंटरप्टच्या एंट्रीमध्ये सीएलडी, म्हणजे हा फ्लॅग साफ करणारी इन्स्ट्रक्शन, टाकून घ्या, एक इन्स्ट्रक्शन आहे.

एआर्च६४ वर पेज शून्य करायला डीसी झेडव्हीए ही इन्स्ट्रक्शन आहे, पण ती डिव्हाइस मेमरीवर फॉल्ट देते, म्हणजे एमएमयू चालू व्हायच्या आधी बीएसएस (सुरुवातीला शून्य असायला पाहिजे अशा ग्लोबल व्हेरिएबलची जागा) शून्य करायला ती चालणार नाही. तिथे साधं सीवालंच.

फाइलींची रचना अशी ठेवा की जनरिक सी फाइलमध्ये प्रत्येक फंक्शनभोवती एक इफनडेफ, आणि आर्किटेक्चरच्या हेडरमध्ये "माझ्याकडे स्वतःचं आहे" असा मॅक्रो. खास व्हर्जन जमलं म्हणून जनरिक डिलीट करू नका. नवीन बोर्डावर पोर्ट करताना यूएआरटीवर (सिरियल पोर्टवर) पहिलं अक्षर यायच्या आधी तीच लागते, आणि असेंब्लीवर संशय आला की मॅक्रोची एक ओळ कमेंट करून पाच मिनिटांत कळते की दोष कॉपीत आहे की दुसरीकडे.